दारावरून जाणारी पालखी

"मना काय वाटनार गो? एवरीशी पोर मी. भूक लागलेली आनि मुताला आलेला. ह्या दोनच गोष्टी याद हाईत. त्या लिव."

"मावशी, तसं नाही म्हणत मी. समुद्राचं पाणी गावात शिरलं, घर सोडून निघावं लागलं... तेव्हा आत काय झालं?"

"आत पानी झाला. गुडघाभर. मगाशी सांगला ना."

चारुतानं फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं, कपाळाला हात लावला आणि परत चालू केलं. तव्यापाशी बसलेली कुलसुम ओढणीआड हसली. "गोदू, या पोरीला तू रडलीस का नाय ते पायजे."

"मंग तसा विचारायचा! नाय रडली. आईस रडत होती, बापूस तिच्यावर वरडत होता. दोघांच्यात माजा नंबर कंदी लागनार?"

गोदूबाई पंचायत समितीची सदस्य आहे, हे नव्या माणसाला सांगून पटत नाही. पनवेलजवळच्या करंजाड्याच्या पलीकडं आमच्या पुनर्वसनाची वसाहत आहे, तिच्या मधोमध एका घराच्या अंगणात पत्र्याची शेड दिसेल. आत तीन चुली, मोठ्या पराती आणि पिठानं पांढरी झालेली गोदूबाई. आमच्यात हळद लग्नापेक्षा मोठी. हळदीला गाव जेवतं आणि गावाला तांदळाची भाकरी लागते. त्या भाकऱ्या पनवेलपासून ओवे गावापर्यंत गोदूबाई आणि कुलसुम पुरवतात. सभापतींचा फोन आला तर फोन खांद्यात, हात परातीत. एकदा एका साहेबानं पलीकडून विचारलं, "मॅडम, टाळ्या कसल्या वाजतायत?" ती म्हणाली, "तुमच्या कामाच्या." साहेबाला ते खरं वाटलं, हा त्यातला त्रास.

पुस्तकाची भानगड चारुतानं काढली. पोरगी तिकडच्या टॉवरमध्ये राहते, मुंबईला कुठल्याशा प्रकाशकाकडं नोकरी करते. महिला दिनाच्या कार्यक्रमात तिनं गोदूबाईचं भाषण ऐकलं. भाषण म्हणजे काय, गोदूबाई माइकपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "मी दोनदा निर्वासित झालेली बाई हाय. तिसऱ्यांदा कोन उठवाला आला तर त्याला तव्यावर बसवीन." खाली बसली. चारुता धावत मागच्या दाराला. मावशी, तुमच्या आठवणींचं पुस्तक यायलाच पाहिजे. गोदूबाईला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. पुस्तक असलं की माणूस बॅनरवर मोठा दिसतो, हे तिला कुणी शिकवायला नको. हो म्हणाली.

आणि तिथून डोक्याला ताप सुरू झाला.

उरणच्या अंगाला, करंज्याच्या बंदरापासून चालत जावं इतक्या अंतरावर कोलखार नावाचं गाव होतं. खाडी अडवून केलेली शेती. बांध धरला तर शेत, नाही धरला तर समुद्र. बांध धरायचं काम सगळ्या गावाचं, म्हणजे कुणाचंच नाही. एका उधाणाला खांड गेली. शहाणे लोक 'बांध फुटला' म्हणतात. फुटायला तो काय माठ आहे? आमच्यात खांड जाते, आणि गेली म्हणजे गेली. जमिनीला मीठ लागलं की पुढं कित्येक वर्षं भात सोडा, गवत धरत नाही. घरं निघाली. गोदूच्या बापानं मसाल्याचा पाटा खांद्यावर घेतला आणि वरवंटा तिथंच विसरला. बायकोनं मरेपर्यंत त्याला ते ऐकवलं.

चारुताला त्या वरवंट्यात काय दिसलं देव जाणे. तिनं त्याचं आख्खं प्रकरण केलं, 'हरवलेला वरवंटा'. वाचून दाखवलं तेव्हा गोदूबाईचं डोकं फिरलं.

"हरवला काय? दुसऱ्या दिवशी खारीतना दगर आनला आनि मसाला वाटला. आनि ह्या 'मी व्यथित झाले' कोन बोलली? मी नाय बोलली."

"मावशी, वाचकाला कळलं पाहिजे ना."

"ज्याला उपास कलत नाय त्याला व्यथित कलनार हाय?"

व्यथित खोडलं. वरवंटा राहिला. चारुताही काही कमी हट्टी नाही.

कोलखारचे हे लोक आमच्या तिवरपाड्याला आले. तिवरपाड्यानं ठेवून घेतलं. उपकार वगैरे काही नाही, मिठागरावर हात कमी पडत होते. गावाच्या शेवटी, उंबराच्या पलीकडं, खाडीला लागून जागा दिली. 'आलेल्यांचं घर' हेच त्याचं नाव. गोदू तिथं वाढली. तिला भाऊ नव्हता, म्हणून ओव्याचा मुलगा घरजावई आणला. माणूस गरीब, रिक्षा चालवतो, बोलायचं काम बायकोवर सोपवून मोकळा. म्हणजे लग्नानंही तिचं घर बदललं नाही. आलेल्यांचं ते आलेल्यांचंच.

आता यात गोची कुठं होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चैत्रात गावदेवीची पालखी निघते. पालखी दाराशी थांबते, आरती होते, घरातली बाई ओटी भरते. ज्याच्या दारी थांबली तो गावचा. असं कुणी बोलून दाखवत नाही, पण गावच्या कुत्र्यालाही ते ठाऊक असतं. कुणाच्या दारी आधी, कुणाच्या नंतर, याला मान म्हणतात, आणि मानासाठी आमच्याकडं सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला गेलेले नाहीत. तर ही पालखी उंबरापाशी आली की मागं वळायची. पुढं एकच घर. गोदूची आई ताट घेऊन उंबराखाली उभी राहायची. खांदेकरी थांबायचे नाहीत. चालत्या पालखीत नारळ टाकावा लागे. एका वर्षी तिचा नेम चुकला आणि नारळ खांदेकऱ्याच्या पायावर बसला. गाव अजून हसतं त्याला.

अशा घरातली गोदूबाई सरपंच झाली, ती तिच्या हुशारीनं नाही. सरपंचपद बाईला राखीव झालं. वरल्या आळीच्या तुळशीरामनं बायकोचा अर्ज भरला, खालच्या आळीच्या दीनानाथनं वहिनीचा. ही दोन मोठी घरं. तुळशीरामचं म्हणणं, दीनानाथची नको. दीनानाथचं म्हणणं, तुळशीरामची नको. शेवटी दोघांनी मिळून जिचं कुणी नाही ती शोधली. हिच्या मागं भाऊबंद नाही, आळी नाही, दाखवू तिथं सही करील. पहिलं वर्षभर तिनं केलीही. मग एकदा विचारलं, "ह्या कशावर करतंय मी?" त्या दिवसापासून दोघांची झोप उडाली.

पुढं विमानतळासाठी गावच उठायचं ठरलं. नव्या जागी आधी काय बांधायचं? गाव म्हणालं, देऊळ. तुळशीराम आणि दीनानाथ आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला आले. गोदूबाई म्हणाली, "देवीला ताहान लागत नाय, तुमच्या सुनांना लागतंय. आधी नलाला पानी, मंग घराला कुदल." उठवलेल्या बाईचं पहिलं भांडण पाण्याशी असतं. तिवरपाड्याच्या विहिरीवर तिच्या आईला सगळ्यांच्या मागून पाणी मिळायचं, गढूळ. विमानतळाच्या ऑफिसातले लोक तारखा देत राहिले, तशी ही एक दिवस बायकांना घेऊन गेली आणि ऑफिसच्याच नळावर धुणं धुवायला बसली. पातळं जिन्याच्या कठड्यावर वाळत घातली. साहेब लोक ओल्या परकरांखालून वाकून जात-येत होते. पाणी आलं. गाव मग उठलं. पंचायत समितीला ती त्या पाण्यावर निवडून आली.

नव्या वसाहतीत प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले. तुळशीराम वसाहतीच्या तोंडाशी, दीनानाथ पार मागं टाकीच्या आडोशाला, तिसऱ्या मानाचा परत तोंडाशी, चौथा परत मागं. शहाण्या माणसानं म्हटलं असतं, आता पालखी सरळ रस्त्यानं न्या. पण मान जुना! त्यामुळं देवी या टोकाकडून त्या टोकाला, त्या टोकाकडून या टोकाला, असे हेलपाटे घालते. खांदेकऱ्यांच्या खांद्याची सालं निघतात. टेम्पोत ठेवू या, असं गेल्या वर्षी कुणीतरी बोललं, तर त्याला मारायला उठले. आणि गोदूबाईचं घर मधोमध. पूर्वी पालखी तिच्या घरापर्यंत येतच नव्हती. आता तिच्या दारावरून जाते, येते, परत जाते, परत येते. थांबत नाही.

हे सगळं तिनं चारुताला सांगितलं. कुठल्या वर्षी मानावरून भांडण होऊन तुळशीरामच्या बापानं पालखी भर रस्त्यात खाली ठेवली, दीनानाथचा चुलता आरतीचं ताट घेऊन कसा पळाला, सगळं. चारुतानं टाइप करता करता विचारलं, "आणि तुमच्या घरी कधी यायची?"

"कुलसुम, ती भाकरी करपली बघ."

भाकरी करपली नव्हती. चारुता पुढचं टाइप करत राहिली, पण प्रकरणाच्या शेवटी तिनं आपल्या मनानं एक वाक्य घातलं: आमच्या दारी पालखी कधी थांबली नाही. वाचून दाखवलं. गोदूबाईनं थापायला घेतलेला गोळा परत परातीत ठेवला. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

आता तिची चूक. चारुतानं बजावलं होतं, छापून येईपर्यंत कुणाला दाखवायचं नाही. पण आमच्यात पहिलं भात असो, नवी गाडी असो, लग्नाची पत्रिका असो, आधी गावदेवीच्या पायाशी ठेवायची आणि मग बाहेर काढायची. गोदूबाई म्हणाली, "देवी काय वाचतंय?" टाइप केलेले कागद लाल फडक्यात बांधले, हळदकुंकू लावलं आणि देवळात नेऊन ठेवले. देवी वाचत नाही, हे बरोबर. पण त्याच संध्याकाळी जत्रेची गावकी, म्हणजे गावची बैठक, देवळात बसली होती, आणि तुळशीराम वाचतो.

तुळशीरामनं फडकं सोडलं आणि आपलं नाव शोधलं. पहिला मान तुळशीरामच्या घराचा, असं लिहिलेलं सापडलं. मोठ्यानं वाचलं, चष्म्यावरून सगळ्यांकडं पाहिलं. त्याच तोऱ्यात पुढचं वाक्यही वाचून गेला, बापानं पालखी रस्त्यात ठेवल्याचं. देवळात हशा. दीनानाथ सगळ्यात जोरात हसला. मग तुळशीरामनं चुलत्याच्या पळापळीचा मजकूर त्यालाच वाचायला लावला. तिथून जे जुंपलं! पहिला मान कुणाचा, ज्या दारांवरून भांडण त्या दारांवर आता सपाट धावपट्टी आहे, आणि हे देवळात एकमेकांच्या गळपट्ट्या धरतायत. शेवटी दोघांना एकच गोष्ट पटली. दोष गोदूबाईचा.

तर चारुता 'आत काय झालं' विचारत बसली होती त्या दुपारी शेडबाहेर बुलेट आणि स्कूटर पाठोपाठ थांबल्या. तुळशीराम, दीनानाथ आणि त्यांच्याबरोबर शेवटच्या मानाच्या घराचा हृतिक. दोन्ही आळ्या एकत्र पाहून कुलसुमनं तव्याखालचा जाळ कमी केला. "या अल्ला," म्हणाली, "आज कोण मेलं?"

"मेंबरबाय," तुळशीराम स्टूल ओढून बसला, "आमी गावकी करून आलाव. ता पालखीचा पान पुस्तकातना कार."

"नाय कारत."

"आयक तरी गो. ता पान कार, आनि ह्या चैतात पालखी तुज्या दारान थांबंल."

गोदूबाईचे हात परातीत थांबले. तो थप थप आवाज बंद झाला तशी शेड एकदम रिकामी वाटली. चारुतानं फोन बंद केला. तेवढी समज त्या पोरीला होती.

"थांबंल?"

"थांबंल. आरती व्हईल. तू वटी भर. आनि झेडपीला वरली न् खालची, दोनी आल्या तुज्या मागं. काय रं दीनानाथ?"

"मी कवा नाय बोललो?" दीनानाथ दुसरीकडं बघत म्हणाला.

गोदूबाईनं हात धुतले. पदराला पुसले. चारुताकडं पाहिलं. चारुता म्हणाली, "मावशी, पुस्तक तुमचं आहे. काढ म्हणाल तर काढते. पण मला विचाराल तर तेच पान त्यात तुमचं आहे, बाकीचं मी सजवलंय."

"तू गप ऱ्हा गो. तुजा वरवंटा तसाच ऱ्हाईल." मग तुळशीरामकडं वळली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "बरा. कारतंय मी पान."

कुलसुमनं मान वळवून बघितलं. आई उंबराखाली कशी उभी राहायची ते तिला गोदूबाईनं कधीतरी सांगितलेलं. एवढी वर्षं एका चुलीवर काढल्यावर काय राहतं सांगायचं?

"कंच्या मानाला थांबंल पन?" गोदूबाईनं विचारलं.

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. गावकी करून आलेले, पण एवढं ठरवायचं राहून गेलं होतं.

"शेवटाला," तुळशीराम म्हणाला.

"आं?" हृतिक तडकून उठला. "शेवटचा मान आमचा हाय. तिथं परसाद फुटतंय. आमच्या आज्यापासनं हाय. पालखी आमच्याकडना पुढं गेली तर माजी आजी जीव देईल."

"मंग शेवटच्या आधी."

"तो घरतांचा. ते आयकतील? तूच कर ना तुज्या मागं दुसरा," दीनानाथनं सुचवलं.

"आनि तू तिसरा व्हशील?"

"मी कशाला तिसरा? डोका फिरलंय का तुजा?"

"मंग मदी कुठं घुसवू तिला? तुज्या न् माज्या मदी?"

"मदी घर घालतंस? म्हनजे पयला दुसरा असा तुटला! तुजा डाव कलतंय मना, तुलशीराम."

"माजा डाव? पालखी रस्त्यात कुनी..."

"तुज्या बापानं ठेवली! पुस्तकात हाय!"

चुलीवर पाणी उकळून सांडायला लागलं. कुलसुमनं कपाळ बडवलं. हृतिकनं तोडगा काढला, तरुण माणूस, मोबाइलवर हिशेबानं बोलणारा. "मान द्यायचाच नाय. नुसता थांबायचा. गिनतीत धरायचा नाय."

"थांबला म्हनजे आरती आली," दीनानाथ म्हणाला. "आरती आली म्हनजे मान आला."

"मंग आरती नको. नुसती टेकवू."

"टेकवली तर आरती नको कशी? देवीचा अपमान."

"मंग टेकवायची पन नाय," तुळशीराम कंटाळून म्हणाला. "आमी जरा हलू चालू. गोदे, तू आपली दारान उभी ऱ्हा, आनि चालता चालता नारल टाक."

"चालता चालता?" गोदूबाई म्हणाली.

आपण काय बोललो ते तुळशीरामला कळलं नाही. त्याला वाटलं, जमलं. "हां. तुजा पन मान ऱ्हातंय, आमचा पन."

"चारू, फोन चालू कर," गोदूबाई म्हणाली. "पान ऱ्हातंय. आनि ह्या तिघांनी माज्या शेरमंदी येऊन काय तमाशा केला, तो पन लिव. नावानिशी."

"गोदे, जत्रा हाय तोंडावर. ईचार कर."

"ईचार जल्ला मेला! माज्या आईसनं जलमभर तुमच्या मागना नारल फेकला. मी सरपंच झाली, मेंबर झाली, तुमच्या पोरांना पानी पाजला, आनि तुमी मना बोलताव चालता चालता? न्या ती पालखी. ह्या टोकाला न्या, त्या टोकाला न्या. माज्या दारावरना जाताना चपला तेवऱ्या वाजवू नका, माजा नवरा झोपलेला असतंय."

तुळशीराम उठला. त्याचं नाक लाल झालं होतं. "मंग झेडपीला आमची सून उभी ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे. पोर चांगली हाय. फकस्त सई तिची तिला करू दे."

तुळशीराम तणतणत बुलेटकडं गेला. हृतिक त्याच्या मागं. दीनानाथ मात्र जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडत होतं.

"त्याची सून?" तो म्हणाला. "वरल्या आलीची बाय झेडपीवर? गोदूबाय, आयक. ता पान ऱ्हाऊ दे पुस्तकात. चुलता पलाला तर पलाला. खालची आली आख्खी तुज्या मागं हाय."

गोदूबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की चारुताला हसू आवरेना. सरपंच केली तेव्हाही हेच. दुसऱ्याला नको म्हणून हिला. एवढं गाव उठलं, डोंगर सपाट झाले, खाडी हटली, आणि हा माणूस होता तिथंच बसलाय.

"दीनाकाका, मत दे नायतर नको देऊ. पन दारातना उठ. उजेर येत नाय."

तो उठला. जाता जाता एक गरम भाकरी मात्र उचलून घेतली.

चारुता म्हणाली, "मावशी, तुम्ही मघाशी 'काढते' म्हणालात तेव्हा..." ती अडखळली. आत काय झालं, हे परत विचारायची तिची हिंमत झाली नाही.

"झाला काय ता झाला," गोदूबाई म्हणाली. "लिवायचा तर लिव, बाई हो बोलली होती. खोटा नको."

कुलसुमनं जाळ वाढवला. "गोदू, ओव्याचा टेम्पो येतोय, अजून अर्ध्या व्हायच्यात. उकड बघ, गार झाली."

"मना नको सांगू. त्यांना सांग, जे आलेले." तिनं पीठ बोटांनी चाचपलं, तोंड वाकडं केलं, आधणाचं पाणी थोडं थोडं ओतून परत मळायला घेतलं. चारुताचं स्टूल परातीच्या वाटेत येत होतं. तिला कोपरानं बाजूला सारलं आणि पहिला गोळा तळव्यावर घेतला.